बर्फाच्या गाडीवरची रुमी

आमच्या वरच्या वाडीपासून खाली स्टेशनापर्यंतचा रस्ता सकाळी मोकळा दिसतो, तो रुमीमुळे. रात्रभर पडून कमरेएवढा झालेला बर्फ तिनं उजाडायच्या आत दरीत फेकून दिलेला असतो. आमचं टोफूचं दुकान आहे. सोयाबीन वाटून उकळायला ठेवलं, की समोरून तिच्या पिवळ्या गाडीचा आवाज येतो आणि दुकानाच्या काचा थरथरायला लागतात. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "कोण चालवतं हो ही गाडी?" मी सांगते, समोरच्या ओत्सुबोंची सून. मग गाडीतून एक बुटकी, सावळी, कानटोपीवाली बाई खाली उतरते आणि पाहुणे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतात. ते बघणं मला फार आवडतं.

तिचं खरं नाव लुझविमिंदा. फिलिपिन्समधल्या लेयते नावाच्या बेटावरची. पस्तीस वर्षांपूर्वी शिगेओ ओत्सुबोनं तिला लग्न करून आमच्या तोकामाचीला आणलं. त्या काळी आमच्याकडच्या मुली शिकून तोक्योची वाट धरायच्या आणि शेती असलेल्या घरातल्या थोरल्या मुलाला कोणी मुलगी द्यायचं नाही. शिगेओ तसाच राहिला होता. माणूस सोन्यासारखा, पण दिवसाला चार शब्द बोलला तर पुष्कळ. त्याच्या आईनं, तोमीबाईंनी, सुनेचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढं लांब नाव घेऊन हाक मारायची म्हंजी तवर भात निवंल. आजपासनं रुमी म्हनू."

रुमी आली नोव्हेंबरात, पायात पातळ चपला. पहिला बर्फ भुरभुरला तेव्हा ती अंगणात उभी राहून जीभ बाहेर काढून नाचली, आम्ही सगळे खिडकीतून हसलो. जानेवारीत तिचं हसू गेलं. बर्फाच्या भारानं काचा फुटू नयेत म्हणून घराच्या खालच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, आत दिवसाही दिवे लावावे लागत होते. एक दिवस टोफूसाठी पातेलं घेऊन दुकानात आली आणि हातवारे करून तिनं मला विचारलं, "हे थांबतं कधी?"

मी म्हटलं, "एप्रिलात."

ती तिथंच खोक्यावर बसली आणि रडली. मी तिला गरम सोयाबीनचं दूध दिलं. ते प्यायली, डोळे पुसले, टोफू घेतला आणि गेली.

वाडीत सगळे म्हणत होते, बर्फ वितळायच्या आत ही पळणार. खालच्या गावांत अशाच परदेशातून आलेल्या दोघी तशा गेल्याही होत्या, आणि त्यांना नाव ठेवायची माझी तरी हिंमत नाही. रुमी मात्र राहिली. माझ्या मते ती शिगेओसाठी नाही, तोमीबाईंच्या हट्टापायी राहिली. तोमीबाई दिवसभर तिच्यामागं असायच्या. कुठला कचरा कुठल्या वारी, लोणच्याच्या पिंपावर दगड किती वजनाचा, बर्फात चालायचं कसं. "टाच आपटू नगंस. आख्खा पाय सरळ खाली ठेव, बदकावानी!" सून चुकली की ओरडायच्या, आणि शेजारच्या कोणी सुनेला एक शब्द बोललं की त्याच्यावर दुप्पट ओरडायच्या.

नवरा मुका, सासू बोलघेवडी. त्यामुळे झालं असं, की रुमी आमची भाषा शिकली ती सगळी तोमीबाईंकडून. वयानं पंचविशीची पोर आणि बोलणं साठीच्या म्हातारीचं, तेही डोंगरातल्या. एकदा मी तिच्याबरोबर पालिकेत गेले होते. काउंटरवरचा मुलगा परदेशी बाई बघून एकेक शब्द सुटा सुटा करून बोलायला लागला, "आपण... इथे... सही..." रुमी काउंटरवर वाकली.

"काय रं लेकरा, घसा बसला व्हय तुजा? नीट बोल की. भाजी जाळावर ठिवून आलेय मी घरी."

मागच्या टेबलावरचे साहेब हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. तो मुलगा आता तिथंच मोठ्या हुद्द्यावर आहे आणि अजून तिला वाकून नमस्कार करतो.

शिगेओ नेझूसाहेबांच्या बांधकाम कंपनीत कामाला होता. उन्हाळ्यात रस्ते बांधायचे, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ काढायचा. बर्फाची गाडी म्हणजे समोर फिरणारी मोठी पाती आणि वर बर्फ लांब फेकणारी सोंड. ती चालवायला दोघं लागतात. एक चालवणारा, आणि दुसरा शेजारी बसून रस्त्याची कड, विजेच्या तारा, कुणाची उभी मोटार यांच्यावर नजर ठेवणारा. शिगेओच्या मदतनीसाचे गुडघे गेले आणि दुसरा माणूस मिळेना. तेव्हा शिगेओ त्या दिवसातले चार शब्द बोलला: "माझी बायको बसेल शेजारी."

अशी रुमी गाडीत चढली आणि बरेच हिवाळे नवऱ्याशेजारी बसली. त्यांची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, नोकरीला तोक्योजवळ सैतामाला गेली, तरी ही आपली त्याच जागेवर. मग एका फेब्रुवारीत शिगेओ घराच्या छपरावरचा बर्फ ढकलताना घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल-फिरेल, पण हादरे बसणाऱ्या गाडीत आता पाय ठेवायचा नाही.

नेझूसाहेब फळांची पेटी घेऊन भेटायला आले, बरोबर होशिना. होशिना म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना गाडीवाला. स्टेशनाचा रस्ता त्याच्याकडे होता. मीही टोफू घेऊन तिथं गेले होते. नेझूसाहेबांचा चेहरा शिगेओपेक्षा पडलेला. वाडीची गाडी आता चालवणार कोण? तरुण पोरं हे काम करायला तयार नाहीत.

रुमीनं चहा ठेवला आणि म्हणाली, "म्या चालवते."

नेझूसाहेबांना चहाचा ठसका लागला. "रुमीसान, ती काही मोटार नाही हो."

"ठावं हाय मला. इतकी वर्सं शेजारी बसून काय झोपा काढल्या व्हय?"

होशिनानं मान हलवली. "तसं नाही. पण लोक काय म्हणतील? परदेशी बाई गाडीवर बसवली म्हणून पालिकेत फोनवर फोन येतील."

आतून तोमीबाईंचा आवाज आला. "फोन तर येनारच! माजा पोरगा चालवायचा तवा लोक काय फुलं धाडत हुते?"

नेझूसाहेब शिगेओकडे बघायला लागले. शिगेओ अंथरुणावरून म्हणाला, "माझ्यापेक्षा बरी चालवेल." झालं.

परवाना काढणं मात्र सोपं नव्हतं. त्यासाठी नागाओकाला जाऊन शिकायचं आणि शेवटी लेखी परीक्षा द्यायची. पुस्तक असलं, की प्रत्येक ओळीत डोंगरासारखी अवघड अक्षरं. बोलण्यात रुमीला कुणी हरवणार नाही, पण वाचणं म्हणजे तिची फजिती. तोमीबाई ऐंशीला टेकलेल्या, शाळा लहानपणीच सुटलेली. तरी रोज संध्याकाळी खाली शेगडी असलेल्या, रजई पांघरलेल्या बुटक्या टेबलात पाय घालून दोघी बसायच्या. सासूच्या हातात भिंग, सुनेच्या हातात पेन्सिल.

"हे काय लिवलंय, आई?"

"मला काय म्हाईत! हितं 'तेल' हाय, एवढं दिसतंय. फुडं काय ते टोफूवाल्याला इचार."

मग दोघी आमच्या दुकानात. माझा नवरा मित्सुओ हात पुसत पुसत अर्थ सांगायचा, तेलाच्या दाबानं पाती वरखाली कशी होतात ते टोफूच्या साच्यावर दाखवायचा. ती पहिल्यांदा नापास झाली. पुन्हा नापास झाली. आम्हाला वाटलं, आता सोडेल. ती म्हणाली, "सोडते कशाला? आता अर्धं पुस्तक वाचता येतंय, उरलेलं अर्धं काय पळून जातंय?" पुढच्या खेपेला पास झाली. बसमधून उतरून कागद नाचवत चढावर धावत आली, आमच्या दारात घसरून सपाट आडवी झाली आणि तशीच पडल्या पडल्या हसत राहिली.

पहिल्या हिवाळ्यात फोन आले, होशिना म्हणाला होता तसे. सगळ्यात जास्त कुवाबारांचे. हे पोस्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. एका सकाळी ते फावडं घेऊन गाडीच्या समोरच उभे राहिले. मी दुकानाच्या दारातून बघत होते.

"थांबव! रोज माझ्या फाटकात ढीग! ज्या देशात बर्फच नाही तिथल्या माणसाला काय कळणार? तुझ्या देशात जाऊन चालव!"

रुमीनं इंजिन बंद केलं. खाली उतरली, त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि ढीग उपसायला लागली.

"आवं कुवाबारासान, तिकडं जाऊन चालवू तरी कुटं? तिकडं बर्फ न्हाय, आत्ताच तुमी म्हनला."

रुमीनं फावड्यानं वळण दाखवलं.

"तुमचं फाटक पडलं वळनावर. सोंड फिरवली की बर्फ हितंच पडतुया. उद्यापासनं मी आधी थांबते, सोंड दरीकडं करते, मग वळते. पन तुमी बी त्या फुलांच्या कुंड्या आत घ्या. बर्फात दिसत न्हाईत, परवा एक फुटता फुटता ऱ्हायली."

कुवाबारांनी कुंड्या आत घेतल्या. आभार-बिभार काही मानले नाहीत. पण संध्याकाळी दुकानात येऊन मला म्हणाले, "ती अगदी माझ्या आईसारखी बोलते हो." आणि टोफू न घेताच गेले. वसंतात डोंगरातली पहिली कोवळी रानभाजी आली, तेव्हा त्यातली एक जुडी ओत्सुबोंच्या पायरीवर ठेवलेली दिसली. त्यानंतर फोन बंद झाले.

आता मी जे सांगणार आहे ते तीन वर्षांपूर्वीचं. तोवर मित्सुओची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा नदीपलीकडच्या दवाखान्यात नेऊन त्याचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागायचं. त्या जानेवारीत दोन दिवस बर्फ थांबला नाही. देवदारांच्या वळणावर उतारावरचा सगळा बर्फ घसरून खाली आला, येताना झाडं घेऊन आला, आणि आमचा रस्ता बंद झाला. मित्सुओची एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पाय सुजले, आडवं पडलं की दम लागायला लागला. दवाखान्यातून सांगितलं, काही करून आज आणा. हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. खालून होशिना गाडी घेऊन निघाला होता, पण एकट्यानं अख्खा चढ कापायचा म्हणजे संध्याकाळ.

मी समोर गेले. रुमी गॅरेजमध्ये फोनवर नेझूसाहेबांशी बोलत होती. तिचा मदतनीस खालच्या बाजूला अडकला होता आणि एकटीनं गाडी काढायला नियमानं बंदी.

"माणूस नाही तुझ्याजवळ," नेझूसाहेब म्हणत होते, मला ऐकू येत होतं. "आणि उताराचं काय? पुन्हा घसरला तर?"

शिगेओ लंगडत वळणापर्यंत जाऊन बघून आला होता. त्यानं फोन घेतला. "वर काही उरलेलं नाही. काळा खडक दिसतोय." नेझूसाहेबांनी पालिकेच्या माणसाला विचारलं, पुन्हा फोन केला आणि म्हणाले, "जा. पण शेजारी कोणीतरी बसव. आणि हळू."

रुमीनं माझ्याकडे बघितलं. "सेत्सुको, चढ वर."

"मी? मला काय येतंय?"

"डोळं हायत न्हवं? डावीकडं बघायचं. रस्त्याच्या कडंला खांबावर लाल बाण लोंबत्यात, ते दिसलं की वरडायचं. बाकी मी बघते."

कुवाबारांनी स्वतःची छोटी व्हॅन काढली, मागं गादी टाकून मित्सुओला उशांना टेकवून बसवलं. शिगेओनं झाडं कापायची करवत घेतली. आणि मग वाडीतली घरं एकेक करून उघडली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हातारे, बायका, हातात बांबू घेऊन बाहेर आले आणि गाडीच्या बरंच पुढं चालत बर्फात बांबू खुपसून रस्त्याची कड शोधायला लागले.

मी त्या गाडीचा आवाज इतकी वर्षं काचेतून ऐकला होता, आतून कधी नाही. दात वाजत होते. समोर पांढरी भिंत, सोंडेतून उडणारा बर्फ, आणि आरशाजवळ रुमीची क्रूस असलेली जपमाळ आणि तोमीबाईंनी देवळातून आणलेला ताईत शेजारी शेजारी डोलत होते. मी घसा फुटेस्तोवर "बाण! बाण!" ओरडत होते. रुमी पुटपुटत होती, तिच्या स्वतःच्या भाषेत. तिला एवढा वेळ त्या भाषेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुणाशी बोलतेस गं?"

"गाडीशी. आमच्याकडं चिखलात म्हस अडली की असंच बोलत्यात. वरडलं की बसती, गोड बोललं की चालती."

देवदारांपाशी शिगेओनं लाकडं कापली, सगळ्यांनी दोर लावून ओढली. तरी एक फांदी बर्फात दडून राहिली होती, ती पात्यात गेली. खाडकन आवाज आला आणि पाती थांबली. पाती मोडू नयेत म्हणून त्यांच्यात एक छोटी पिन असते, ती आधी तुटते. रुमी खाली उतरली, हातमोजे दातांनी काढले आणि उघड्या हातांनी नवीन पिन बसवायला लागली. मागच्या व्हॅनची काच खाली झाली आणि मित्सुओ धापा टाकत म्हणाला, "रुमीसान... घाई नाही बरं."

"गप बसा तुमी! घाई हाय म्हनून तर हात गारठवून घेतेय!"

दुपार झाली तेव्हा भुरभुरीतून समोर बर्फाचा एक फवारा उडताना दिसला. होशिनाची गाडी. मधली भिंत दोन्हीकडून पातळ होत गेली आणि कोसळली. दोन पिवळ्या गाड्या समोरासमोर आल्या. होशिना खाली उतरला, आम्ही कापत आणलेल्या वाटेच्या दोन्ही भिंतींकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सरळ कापल्यात." होशिनाच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

रुमीनं दार उघडून डोकं बाहेर काढलं. "आदी गाडी मागं घ्या, कवतिक मागनं करा! मानूस दवाखान्यात जायचा हाय!"

होशिनानं मुकाट्यानं गाडी रुंद जागेपर्यंत मागं नेली. कुवाबारांची व्हॅन आमच्या कडेनं निघाली, मित्सुओनं आतून हात वर केला, आणि मी तेव्हा रडले. रुमी रडली नाही. ती म्हणाली, "चल, माघारी जाताना उजवीकडची बाजू साफ करू."

मित्सुओ वाचला. आजही रोज पहाटे उठून माझ्या कामात चुका काढतो. त्या संध्याकाळी मी दुकानातला सगळा टोफू गरम करून, वर आलं आणि कांद्याची पात घालून, बांबूवाल्या सगळ्यांना वाढला. कुवाबारांनी साकेची बाटली आणली. रुमी वाडगं हातात धरून बसल्या बसल्या झोपली. शिगेओनं तिच्या हातातून ते हळूच काढून घेतलं, कांबळं पांघरलं, आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बघितलंत?" एवढंच. पण त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

पुढच्या वर्षी होशिना निवृत्त झाला. स्टेशनाचा रस्ता म्हणजे अरुंद, दोन्हीकडे दुकानं, बस, शाळेची पोरं. तो कंपनीतल्या सगळ्यात चांगल्या माणसाकडे असतो आणि आजवर कुठल्या बाईकडे गेला नव्हता. नेझूसाहेबांनी विचारलं, कुणाला देऊ? होशिना म्हणाला, "विचारता काय? रुमीसानला." आता वाडी आणि स्टेशन दोन्ही तिच्याकडे आहे. हाताखाली शिकायला यंदा दोघं आलेत. एक इथलाच, एक नेपाळचा. नेपाळच्या मुलाला वाटतं, सगळ्या जपानात असंच बोलतात.

तोमीबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. दिवसा स्टेशनाजवळच्या वृद्धांच्या केंद्रात जातात, तिथं टोफू पोचवायला मी जाते. गेल्या डिसेंबरात भर दिवसा धो धो बर्फ पडायला लागला आणि गाड्या दुपारीही बाहेर काढाव्या लागल्या. सगळ्या आज्या खिडकीशी जमल्या होत्या. पिवळी गाडी वळणावर आली, थांबली, सोंड नदीकडे केली आणि वळली. दुकानाच्या पाटीपासून हातभर अंतर राखून.

"कोण गं हा, काय सुरेख चालवतो!" एक आजी म्हणाली.

"हा न्हवं, ही. माजी सून हाय ती," तोमीबाई म्हणाल्या.

"तुमची सून तर परदेशी ना?"

"परदेशी कसली? वरच्या वाडीची हाय."

तेवढ्यात रुमीला खिडकीत सासू दिसली आणि तिनं जोरात हॉर्न वाजवला. सगळ्या आज्या हात हलवायला लागल्या. तोमीबाई तेवढ्या काठी आपटत मला म्हणाल्या, "जा, सांग तिला! हितं काय बगती? रस्त्याकडं बग म्हनावं!"